भाची जतला गेली आहे

माझ्या भाचीच्या लघवीचा नमुना घ्यायला आलेल्या दोन माणसांना मी ‘ती जतला गेली आहे, दोन दिवस यायची नाही’ असं सांगितलं. भाची त्या वेळी आमच्या विश्रामबागच्या घरात, वरच्या खोलीत, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून झोपली होती.

हे मी आजवर चार-पाच जणांना सांगून बघितलं. प्रत्येकानं आधी हेच विचारलं की लघवी कशाला. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

माझी धाकटी बहीण नर्स. लग्न करून इंग्लंडला गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. तिची मुलगी तिथंच जन्मली, तिथंच वाढली आणि त्याच देशाकडून धावते. शंभर मीटर, दोनशे मीटर आणि चौघींची रिले. आमच्या कोरेगावच्या घराण्यात धावण्याचा इतिहास म्हणजे थोरले बंधू फौजेत भरती होताना धावले तेवढाच. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. माझ्या आयुष्यात फायली धावल्या नाहीत, मी कुठून धावणार?

भाचीचं धावणं मात्र गंमत नव्हती. शाळेत असताना कुणा बाईंनी हेरली, मग बहीण ड्युटी संपवून तशाच कपड्यांत तिला पावसात मैदानावर न्यायची. ज्युनिअर संघात घेतली. मग मांडीमागचा स्नायू फाटला आणि एक अख्खं वर्ष गेलं. परत आली तेव्हा तिला मिळणारी मदत बंद झाली होती, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ती बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायात बूट घालायची आणि उरलेले दिवस स्वतःच्या. रिलेत चौघी धावतात आणि पाचवी त्यांचे ट्रॅकसूट सांभाळते. भाची दोन हंगाम पाचवी होती. यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा चौघींत यायची चिन्हं होती. त्याआधी आठ दिवस विश्रांती घे असं तिच्या कोचनं सांगितलं, आणि विश्रांतीसाठी जगात इतक्या जागा असताना बहिणीनं तिला माझ्याकडं पाठवलं.

तिचं मराठी हा एक स्वतंत्र विषय आहे. ती इंग्रजी बोलते ते आम्हाला टीव्हीवरच्या बातम्यांसारखं ऐकू येतं. मराठी मात्र बहिणीकडून शिकली, आणि बहिणीनं जाताना बरोबर नेलेलं कोरेगावचं मराठी होतं तसंच जपून ठेवलंय. विश्रामबागेत आता आमच्या कॉलनीतली मुलं ‘ॲक्च्युअली’शिवाय वाक्य सुरू करत नाहीत. आणि ही उंचीपुरी, केस कापलेली, कानात चार-चार कड्या घातलेली मुलगी भाजीवाल्याला म्हणते, “आवं, एवढी म्हाग व्हय?” भाजीवाला दोन मिनिटं तिच्याकडं बघत राहिला आणि कोथिंबीर फुकट दिली.

आल्या आल्या दुसऱ्या दिवशी ती अंग मोकळं करायला कॉलेजच्या मैदानावर गेली. मीही गेलो. तिथं पोलीस भरतीची पोरं घाम गाळत होती. त्यातल्या एकानं तिला विचारलं, “ताई, सोळाशे किती मिन्टात?”

“म्या सोळाशे न्हाई पळत. शंभर.”

“शंभर किलोमीटर?”

“शंभर मीटर.”

त्यानं मैदानाच्या कडेला पाहिलं, मग तिच्याकडं. “एवढ्यासाठी विमानानं आलाय?”

ती हसली. मी मात्र दिवसभर तिची बाजू घेऊन मनातल्या मनात त्या पोराशी भांडत होतो.

आता मुख्य गोष्ट. ती आली त्याच संध्याकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला आणि मला व बायकोला समजावून सांगितलं. तिच्यासारख्या खेळाडूंना रोजचा एक तास आधी लिहून द्यावा लागतो, की या तासाला मी या पत्त्यावर सापडेन. त्या तासात उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारी माणसं न कळवता कधीही येऊ शकतात. आली आणि खेळाडू सापडला नाही, तर ती एक चूक. वर्षात अशा तीन झाल्या की खेळ बंद, दोन वर्षांपर्यंत. तिच्या दोन झाल्या होत्या. एकदा बहिणीला दवाखान्यात सोडताना गाडी रस्त्यात अडकली. दुसऱ्यांदा खोली बदलली आणि नवा पत्ता भरायला विसरली.

“म्हंजे आता एक बी चुकून चालायचं न्हाई,” ती म्हणाली. “मी सकाळी सा ते सात लिवलंय, हितला पत्ता. कुनी आलं तर मला उठवा. मामा, ध्यानात ऱ्हाईल नव्हं?”

“हो हो,” मी म्हणालो.

बायकोनं ऐकलं. मी त्या वेळी भिंतीवरचा फोटो काढून, गेल्या पुरात नदीकाठच्या गावभागातल्या माझ्या मित्राच्या घरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे भाचीला दाखवायच्या तयारीत होतो. कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. बत्तीस वर्षं वरिष्ठांच्या सूचना मी याच पद्धतीनं ऐकल्या आहेत आणि त्यावर मला दोनदा बढती मिळाली आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी एका लग्नाला गेलो. स्वागत समारंभात कोरेगावकडचे एक बागायतदार भेटले. भाचीचं कौतुक मीच काढलं. कौतुक करताना मला थांबता येत नाही. त्यांनी लगेच सांगितलं, पुतण्या फौजेत कॅप्टन आहे, बारा एकर ऊस आहे, घरी कसली कमी नाही. “मग येऊन मुलगी बघून जाऊ का?”

“या की,” मी म्हणालो.

आमच्या भागात कुणी काहीही विचारलं तरी ‘या की’ म्हणतात. येऊ नका असं सांगायची आमच्याकडं रीतच नाही. घरी येताना मात्र चूक ध्यानात आली. कारण बहिणीनं विमानतळावरून फोन करून मला बजावलं होतं, “दादा, तिच्यापुढं लग्नाचा इषय निघाला तर म्या परत तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई.” तेव्हा मी ठरवलं, ती माणसं आलीच तर दारातून परत पाठवायची. भाचीच्या कानावरसुद्धा जाऊ द्यायचं नाही.

परत पाठवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. ऑफिसात माझं टेबल साहेबांच्या दाराबाहेर होतं. पाणी सोडा म्हणून कुणी आलं, की मी नजर न उचलता सांगायचो, साहेब जतला दौऱ्यावर आहेत. जत दूर, रस्ता वाईट, टंचाईचं काम कधीच संपत नाही. जतला गेलेला माणूस दोन दिवस परत येत नाही हे सगळ्यांना पटायचं. साहेब आत सुपारी कातरत बसलेले असायचे.

लग्नानंतर दोन दिवसांनी कोरेगावला भाचीचा सत्कार होता. थोरल्या बंधूंनी फेटेवाला सांगितला होता, दहा वाजता मंडप भरणार होता, आम्ही साडेसातला निघायचं होतं. वरच्या खोलीतला प्लग सैल असल्यामुळं भाचीनं फोन खाली फ्रीजवर चार्जिंगला लावला होता, गजर मोठ्या आवाजात ठेवून. सहाला पाच कमी असताना तो गजर वाजायला लागला. मला दया आली. पोर दमलीय, झोपू दे अजून अर्धा तास, म्हणून मी तो बंद केला. किती प्रेमानं केला ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सहा वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. बाहेर पंचेचाळिशीच्या एक बाई आणि इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ. बरोबर भलीमोठी बॅग. बाईंनी भाचीचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, त्या इथंच राहतात का.

“आपण?”

“आम्ही पुण्याहून आलोय. त्यांनाच भेटायचंय. काम दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.” असं म्हणून त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं.

“राहू दे हो, ओळखपत्र कशाला,” मी म्हणालो. मला वाटलं पाहुणे भारी शिस्तीचे आहेत. त्या कॅप्टनचे दुसरे काका-काकू पुण्याला असणार आणि बॅगेत साडी-नारळ असणार, हे मी माझं मीच जुळवून टाकलं. “पण योग नाही बघा. ती जतला गेली आहे. दोन दिवस यायची नाही.”

बाईंनी घड्याळात पाहिलं. “त्यांनी सहा ते सात इथलाच पत्ता दिलाय.”

म्हणजे बायकोनं परस्पर बायोडाटा पाठवलेला दिसतोय, असं मनात येऊन मी स्वयंपाकघराच्या दिशेनं एकदा जळजळीत बघून घेतलं.

“मग आम्ही सातपर्यंत थांबतो,” बाई म्हणाल्या.

“कशाला थांबता? जतला गेली म्हटलं ना.”

“थांबावंच लागतं.”

आता दारात आलेल्या माणसाला ओट्यावर ताटकळत ठेवणं हेही आमच्यात बसत नाही. मी त्यांना आत घेतलं आणि बायकोला, पाहुणे आलेत, चहा टाक, एवढंच सांगितलं. वर ती झोपलेली, खाली तिच्या भविष्याचा निकाल हातात घेतलेली माणसं, मधे मी गवती चहा चालेल का विचारतोय.

गप्पा काहीतरी करायला हव्यात म्हणून मी गृहस्थांना विचारलं, “ऊस यंदा कसा आहे?”

“मला काही कल्पना नाही,” ते म्हणाले.

“बारा एकर ना तुमचं?”

“माझं? माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे.”

लग्नातल्या त्या बागायतदारानं माझ्या तोंडावर थाप मारली होती तर. मी बाईंकडं वळलो. “मुलगा सध्या कुठं असतो?”

“घरीच. बारावीला आहे.”

मी कप खाली ठेवला. बारावीतल्या पोरासाठी स्थळ घेऊन पुण्याहून पहाटे निघालेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्यांना परत पाठवतोय हे किती योग्य करतोय, या विचारानं मला अगदी समाधान वाटलं. बाईंनी एक कागद काढून काहीतरी लिहायला घेतलं. “जत म्हणालात ना? जतला कुणाकडं?”

“पाहुण्यांकडं,” मी म्हणालो. ऑफिसातसुद्धा मी कधी यापुढं तपशील देत नसे.

सहा पंचावन्नला बाईंनी आपला फोन कानाला लावला. त्याच क्षणी फ्रीजवरचा फोन वाजायला लागला.

मी त्या फोनकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. गृहस्थांनी छताकडं बघितलं. आणि बायको चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, तिचा फोन वाजतोय. तपासणीवाले आलेत का? उठवू का तिला?”

तपासणीवाले. ते ऐकल्यावर जेवणाच्या टेबलावरचं सगळं बोलणं एका दमात माझ्या डोक्यात शिरलं, चार दिवस उशिरा. बायकोनं माझी वाट बघितली नाही. तिनं पातेलं तिथंच ठेवलं आणि जिन्याच्या तळाशी उभं राहून एकच हाक मारली.

भाचीला मी टीव्हीवर धावताना पाहिलंय. पण आमच्या जिन्याच्या पंधरा पायऱ्या ती त्या दिवशी जशी उतरली तसं काही नाही. उतरली म्हणायचं, खरं तर मधे दोनदाच तिचा पाय टेकला. काळी पट्टी कपाळावर, पायांत काही नाही. बाईंनी घड्याळ बघितलं आणि शांतपणे लिहिलं, सहा अठ्ठावन्न.

भाची शेवटच्या पायरीवर बसली. “तिसरी झाली असती, मामा,” एवढंच म्हणाली. रिलेतली जागा, बुटांचं दुकान, बहिणीच्या पावसातल्या फेऱ्या, हे सगळं मी चहाबरोबर पाजून टाकलं असतं.

“आणि हे जत?” बाईंनी कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, घरातील वयस्क पुरुषाच्या सांगण्यानुसार खेळाडू जत येथे.

“खोटं बोललो,” मी म्हणालो.

“मग हे खोडून सही करा.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत खाडाखोडीवर सही करायची वेळ मी येऊ दिली नव्हती. केली.

तिथं संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. नमुना मिळेना. भाची पाच वाजता उठून बाथरूमला जाऊन आली होती. बाईंना म्हणे नमुना मिळेपर्यंत तिला नजरेआड करता येत नाही. ती अंगणात गेली की बाई अंगणात, ती पाणी प्यायला गेली की बाई फ्रीजपाशी. बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “अहो, त्या म्हणतात बाथरूममधे पण बरोबर जाणार. पाव्हणीसमोर कसं हो होणार पोरीला?”

मला आता कसंही करून भरपाई करायची होती. उघडं पाणी, उसाचा रस, शहाळं, काही चालणार नाही, फक्त सील असलेली बाटली, असं भाचीनं सांगितलं. मी चौकातून अख्खा बॉक्स आणला आणि तिच्यासमोर उभा राहिलो. पी. अजून एक. अजून अर्धी. तिला नको होतं तरी माझं तोंड बघून ती प्यायली.

आठ वाजता एकदाचा नमुना निघाला. बाईंनी त्याचे दोन थेंब एका छोट्या यंत्रावर घातले, आकडा बघितला आणि मान हलवली. “पातळ आहे.”

“म्हणजे?”

“पाणी जास्त झालंय. परत द्यावा लागेल.”

आमच्या डेअरीवर दुधात पाणी निघालं की कॅन परत पाठवतात, ते मी लहानपणापासून बघत आलोय. आज पहिल्यांदा कळलं की परत पाठवलेल्या माणसाला कसं वाटतं.

साडेनऊला दुसरा. पातळ. तोवर बॉक्समधल्या सात बाटल्या संपल्या होत्या, आणि सगळ्या माझ्या आग्रहानं. आता एक घोटही नको, असं बाईंनी मला उद्देशून सांगितलं. भाचीला नाही, मला.

इकडं कोरेगावहून थोरल्या बंधूंचा फोन. फौजेतून आल्यापासून ते फोनवर समोरच्याला दुसऱ्या टेकडीवर उभा आहे असं धरून बोलतात.

“कुटं हायसा?”

“निघतोय.”

“कवा निघतोय? फेटेवाला येऊन बसलाय. सरपंच आलंय. बायका आरत्या घिऊन हुब्या हाईत.”

“जरा अडचण आहे.”

“कसली?”

मी आजूबाजूला बघून हळू आवाजात सांगितलं, “तिची लघवी पातळ आहे.”

पलीकडं मंडपात बँजोवाले सूर जुळवत होते. मग बंधू म्हणाले, “आरं, मग डॉक्टरला दाव की. मला काय सांगतोस?”

“डॉक्टरचं काम नाही. सरकारी माणसं बसलीत. घट्ट झाल्याशिवाय सोडणार नाहीत.”

यावर त्यांनी मंडपात काय सांगितलं ते मला आजही नीट कळलेलं नाही. पण दुपारी आम्ही पोचलो तेव्हा गावातल्या बायका भाचीला हार घालायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावून बघत होत्या, आणि एका म्हातारीनं तिला धन्याचं पाणी प्यायला सांगितलं.

नमुना एकदाचा पास झाला तो साडेअकराला. बाईंनी आकडा बघून “झालं” म्हटलं तेव्हा बायकोनं देवापुढं उदबत्ती लावली. बाटल्या सील झाल्या, बॅग बंद झाली. मी हात जोडून दोघांना जेवायला थांबण्याचा आग्रह केला. गृहस्थ म्हणाले, “नको, चहा झालाय.” ते ज्या पद्धतीनं म्हणाले त्यावरून मी परत आग्रह केला नाही.

शेवटी बाईंनी फॉर्म भाचीपुढं ठेवला. औषधं कुठली घेतली, ते तिनं भरलं. सही केली. खाली एक मोकळी चौकट होती. बाई म्हणाल्या, “आजच्या सगळ्या प्रक्रियेबद्दल तुमची काही तक्रार, काही शेरा असेल तर इथं लिहा. तुमचा तो हक्क आहे.”

भाचीनं पेन उचललं. मी खुर्चीच्या मागं उभा होतो. ती चौकट किती मोठी आहे ते तिनं एकदा नीट बघितलं आणि पेन परत ठेवून दिलं.

“तुमच्याबद्दल कायबी तक्रार न्हाई,” ती बाईंना म्हणाली. “आन् मामाबद्दल लिवायला एवढी जागा पुरायची न्हाई.”